चाल कुणाची
चेन्नईत मैलापूरला मी ज्या आजोबांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते, ते मूळचे तंजावरचे मराठी. त्यांची मराठी जुन्या वळणाची, तमिळ हेल असलेली, माझी कोल्हापूरची. पहिले दोन महिने आम्ही अंदाजानंच एकमेकांना समजून घेत होतो.

एका रविवारी त्यांनी एक कॅसेट माझ्या हातात ठेवली. "आमच्या बायकोचा आवाज आहे. फोनवर घालून देता काय?"

आजी जाऊन सहा वर्षं झाली होती. कॅसेटवर त्यांनी घरीच म्हटलेलं एक तमिळ पद होतं. एकोणिसाव्या शतकातल्या एका संतकवीचं. जातपात न मानणारा, भुकेल्याला आधी जेवू घाला म्हणणारा, एवढंच मला आजोबांकडून कळलं होतं. चाल आजींना त्यांच्या आईनं शिकवली, असंही ते म्हणाले.

कॅसेट फोनवर उतरवून देणाऱ्या दुकानदाराकडं गेले, तर त्यानं ती लावली आणि लगेच म्हणाला, "हे जुन्या सिनेमातलं गाणं."

मी घरी येऊन ते आजोबांना सांगायला नको होतं. सांगितलं. ते चिडले. "पद सिनेमाच्या कितीतरी आधीचं!" मी फोनवर सिनेमातलं गाणं शोधून लावलं. शब्द तेच. चालही तीच. आजोबा खुर्चीत बसले.

"मग ती माझ्याशी खोटं बोलली काय?"

मी दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या तमिळ मैत्रिणीला विचारलं, तर ती म्हणाली, "त्या संतकवीची पदं सगळेच गातात. सिनेमावाले, संगीत सभांमधले गायक, शाळेतली मुलं. सिनेमानंच कुणाच्या तरी घरातली चाल उचलली असेल." हे आजोबांना सांगितल्यावर ते खुलले, आणि खात्री करायला त्यांनी तंजावरला मेव्हणीला फोन लावला.

मेव्हणी म्हणाली, "आईला कुठं गाता येत होतं? आम्हाला शाळेतल्या बाईंनी शिकवलं. त्यांच्याकडं तबकड्या होत्या."

कुठल्या तबकड्या, सिनेमाच्या की आणखी कुणाच्या, ते तिला आठवेना.

फोन ठेवून आजोबा माझ्याकडे वळले. "आता कुणाला विचारायचं?"

मग त्यांनी आजींचं पद लावायला सांगितलं. मध्येच गाण्यामागं आजींच्या कुकरची शिट्टी ऐकू आली, तेव्हा आजोबा हसले. पण कशाला, ते मला अजून कळलेलं नाही.