तिसऱ्या ग्लासातली वाइन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि ती तर त्या दिवशी शेजारच्याच खोलीत होती. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझ्या मुलीला ओळखत नाही, म्हणून असेल.

बीड जिल्ह्यात माझं थोडं नाव आहे. नोकरी सगळी फळबागांचं शास्त्र शिकवण्यात गेली. डोळे मिटून मोसंबीची फोड खायची आणि जमीन काळी की मुरमाड ते सांगायचं — लोक मुद्दाम परीक्षा घ्यायला यायचे. शिवाय स्पष्टवक्ता म्हणूनही ख्याती. सर तोंडावर बोलतात, पण खरं बोलतात. ऐकायला बरं वाटायचं. कुणाला नाही वाटणार?

मुलगी वैशाली शिकायला पोर्तुगालला गेली आणि तिथल्या तियागोशी लग्न ठरवून त्याला घरी घेऊन आली. पोरगा अबोल, सरळ. डोंगराळ भागात त्याच्या घरची द्राक्षबाग. नोकरी सोडून त्यानं स्वतःची पहिली वाइन केली होती. चांगली निघाली तर बाग चालवायची, नाहीतर नाद सोडायचा, असं दोघांचं ठरलेलं. वैशाली म्हणाली, "बाबा, तिथं सगळे तोंडदेखलं बोलतात. तुम्हीच सांगा."

माझा हिशोब वेगळा होता. बाग चालली तर पोरगी कायमची त्या डोंगरात. बाग बुडाली तर — कदाचित — परत येईल.

चार बाटल्या, पोर्तुगालच्या चार मुलखांतल्या; त्यांतली एक तियागोची. सगळ्या ड्राय, म्हणजे गोडवा न ठेवलेल्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, म्हणजे कुठली कुणाची ते मला कळू नये. आमच्याकडे कुठले वाइनचे ग्लास? चहाचेच मांडले.

"खिडकी लावा आधी. समोरचे बघतेत. लोक काय म्हणतेल!" एवढं बोलून बायकोनं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

घोट तोंडात फिरवून थुंकायचा, हे तियागोनं शिकवलं. दारूला कधी न शिवलेला मी तांब्यात थुंकत बसलो. पहिली उत्तरेकडच्या ओल्या, हिरव्या भागातली; कैरीसारखी आंबट, जिभेवर चुरचुरणारी. दुसरी अलेंतेजूची. तिथं आपल्यासारखंच ऊन, आणि चवही तशीच, दाट, रापलेली. चौथी दोउरू नदीच्या खडकाळ उतारावरची. तुरट, टाळू धरून बसणारी. ही नावं मला वैशालीनं नंतर सांगितली. तिसरीचं सांगायची गरज पडली नाही. तो ग्लास उचलला आणि तियागोचा श्वास थांबला.

ती पातळ वाटली — आधी. मग उलगडत गेली. आंबटपणा, तुरटपणा जागच्या जागी. थुंकल्यावरही चव रेंगाळत राहिली. चौघींत तीच उजवी होती. मला शंका नव्हती, आजही नाही.

मी म्हणालो, "ही सगळ्यांत हलकी. फळ कच्चं तोडलंय."

कारणही कसं जोडलं बघा. नुसतं आवडली नाही म्हटलं असतं तर त्याला वाद तरी घालता आला असता. मी शास्त्र सांगितलं. त्यानं मान हलवली, आभार मानले.

परत जाऊन त्यानं सगळी वाइन घाऊक व्यापाऱ्याला देऊन टाकली. आता तो लिस्बनला एका गोदामात कामाला आहे. वैशाली त्याच्याबरोबर तिथंच. परत येण्याचा विषयसुद्धा निघाला नाही. ती मात्र सगळ्यांना कौतुकानं सांगते, आमचे बाबा होणाऱ्या जावयालाही खरं तेच बोलले.

गेल्या महिन्यात तियागोचा फोन आला. वेली अजून जिवंत आहेत, पुन्हा एकदा करून बघू का, तुमचं काय मत? एका वाक्याचं काम होतं. मी खोटं बोललो होतो — बस, एवढंच. पण मग वैशालीसमोर मी कोण उरलो असतो? मागून तिचा आवाज आला, "खरं सांगा हं, बाबा."

मी म्हणालो, "नको. त्या जमिनीत दम नाही."

काल वैशालीचा निरोप आला. वेली उपटायला माणसं लावलीत.