चार डब्यांचं गणित

देवळीतल्या माझ्या जुन्या शाळेनं मला बोलायला बोलावलं, तेव्हा दोन हजार साल उलटून गेलं होतं आणि आमचा पहिला प्रयोग नुकताच जमला होता. मी बाहेरगावी एका संस्थेत क्वांटम संगणकावर संशोधन करत होते. त्यावर इंग्रजीतून पुष्कळदा बोलले होते, मराठीतून एकदाही नाही.

पटांगणात सतरंज्यांवर मुली बसल्या होत्या. मागे खुर्च्यांवर गावातली मंडळी होती, त्यांतच बाबा. किराणा दुकान बंद ठेवून आलेले.

मी फळ्यावर चार डबे काढले. "एकात गूळ आहे. तो कुठे आहे ते कळायला किती डबे उघडावे लागतील?"

"कधी एक, कधी तीन," एक मुलगी म्हणाली.

मग मी सांगितलं, की आमचा संगणक म्हणजे मोठ्या चुंबकात ठेवलेली द्रवाची बारीक नळी. त्या द्रवाच्या रेणूतली दोन अणुकेंद्रं चारही शक्यता एकदम धरून ठेवतात आणि गूळ कुठे आहे ते एकाच प्रश्नात सांगतात.

मागून आमचे शेजारचे कापडवाले उठले. "चार डबे त मीच उघडून पाहीन ना बाई. त्याले एवढी मशीन काऊन पाह्यजे?"

सगळे हसले. मीही हसले. म्हटलं, "काकाजी, आज चारच आहेत. पण हे जमलेल्या जागा जगात मोजक्या आहेत. त्यातली एक आमची. आणि ती नळी मी भरली, तिचे सिग्नल मी जुळवले."

बोलून गेले आणि कान गरम झाले. आमच्या परिषदांमध्ये सगळं 'आम्ही' असतं. 'मी' म्हणायची सवयच नव्हती. पण ते खरं होतं, आणि म्हणताना फार बरं वाटलं.

कार्यक्रम संपल्यावर बाबांबरोबर घरी आले; घराच्या पुढच्या भागातच दुकान. दुकानाचं शटर वर करताना त्यांनी विचारलं, "एकाच खेपेत सापडते? नशिबानं नाई?"

"नशिबानं नाही, बाबा. कोणत्याही डब्यात ठेवा."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक चहापत्ती घ्यायला आलं. बाबांनी तराजूला हात लावला नाही.

"हे माही पोरगी. हिनं चार डब्यायचं गणित सोडवलं."

"कोणते डबे?"

"बस, सांगतो."

त्यांनी त्याला पोत्यावर बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. मी आतल्या दारात उभी राहून ऐकत होते. नळीत तेल असते म्हणाले, तेवढं चुकलं. मी दुरुस्त केलं नाही.