नाक रंगवणारे नाना

नाना बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहत नसत. त्यांची नजर नाकावर, गालावर, कानाच्या पाळीवर फिरत राही. पहिल्या भेटीत मला त्याचा राग आला, कारण मला नाकच उरलं नव्हतं. सातपुड्याच्या पायथ्याशी मोहफुलं वेचताना अस्वलानं पंजा मारला होता. तेव्हापासून मी पदरानं तोंड झाकूनच वावरे. वडील मला धुळ्याला डॉक्टरांकडे घेऊन आले. जखम भरल्यावर डॉक्टरांनी मला शेजारच्या खोलीत नानांकडे पाठवलं.

नाना मुंबईला चित्रकला शिकलेले. सावकारांची तैलचित्रं काढून आरामात राहता आलं असतं. पण डॉक्टरांसाठी शरीराच्या आतल्या भागांची चित्रं काढता काढता त्यांना या विद्येची गोडी लागली. डॉक्टर पहिल्या महायुद्धात फौजेबरोबर होते. जखमी शिपायांसाठी बनवलेली नकली नाकं त्यांनी पाहिली होती. त्यांच्याकडून नानांनी हाडं, स्नायू शिकून घेतले आणि तेव्हा दातांच्या कवळ्या ज्याच्या बनत त्या कडक रबरातून ते नाकं, कान घडवू लागले. एवढं शिकून हा नाकंच रंगवत बसला, असं नातेवाईक म्हणत. नाना म्हणत, "मानूस हिंडाले लागना, म्हंजे मन्हं चित्र पुरं व्हयनं." माणूस चारचौघांत हिंडू लागला की त्यांचं चित्र पुरं झालं.

नानांनी घडवलेलं माझं नाक चष्म्याला जोडलेलं होतं. खोलीत छान दिसलं, पण बाहेर उन्हात चुन्यासारखं पांढरं पडलं. मला रडू आलं. नानांनी रस्त्यावरच स्टूल मांडलं, मला बसवलं आणि रंग कालवायला घेतले. लोक जमले. मी उठायला लागले, तसे ते शांतपणे म्हणाले, "बैस, बेटा. आज लोक दखतीन, उद्या नही."

काम झाल्यावर त्यांनी मला पदर न घेता बाजारात लिंबं आणायला पाठवलं. लिंबूवालीनं माझ्याशी घासाघीस केली, लिंबं पिशवीत टाकली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. परत येऊन मी पिशवी नानांपुढे ठेवली.

"कोनी दखं नही ना?" नानांनी विचारलं.

कोणी बघितलं नाही, असं मी मानेनंच सांगितलं.

"मंग जमनं," काम जमल्याच्या समाधानात ते म्हणाले.

पुढे मी शिकले, जळगावला मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले. रंग उडाला की धुळ्याला जाई. माझ्या वयाबरोबर नाना नाकालाही थोडं वय देत.

ते गेल्याचं कळलं तेव्हा मी प्रथमच त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी, अक्का, भिंतीशी बसल्या होत्या. तुम्ही यांच्या ओळखीच्या कशा, असं त्यांनी विचारलं. माझं हे नाक त्यांनीच घडवलेलं, असं मी सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना. हात धरून त्यांनी मला खिडकीशी नेलं आणि कितीतरी वेळ माझा चेहरा पाहिला.

"घरात यांनी काढलेलं एकही चित्र नाही हो," त्या म्हणाल्या.

मग माझ्या नाकाच्या कडेवरून त्यांनी हलकेच बोट फिरवलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा रडल्या.