आण्णांचा रिपोर्ट आणि पुण्याचा सर्व्हर

आण्णांच्या पोटातली गाठ काढता येईल का, एवढं पुण्याच्या डॉक्टरांना विचारायला मला चार दिवस लागले. आणि त्यात माझी काहीही चूक नव्हती, असं मी पाहुण्यारावळ्यांत अजून सांगतो.

आम्ही मूळचे सांगोल्याकडचे. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका ऑफिसात मी कॉम्प्युटरवर पत्रं टाइप करतो, तेवढ्यावर घराण्यात मला इंजिनिअर समजतात. त्यामुळे ‘रिपोर्ट पुण्याला मेल करा, तिथले मोठे डॉक्टर ठरवतील,’ असं सोलापूरच्या डॉक्टरांनी म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही छाती जरा पुढे काढली. (बाप आजारी असताना! आता लाज वाटते.)

रिपोर्ट स्कॅन करताना आई शेजारी येऊन बसली.

"नाव काय दिलंस त्याला?"

"रिपोर्ट."

"असं नुसतंच? किराणाच्या यादीवर बी आपण वर श्री लिवतो. हितं तर बापाच्या जिवाचा कागद चाललाय."

पटलं मला. फाईलला ‘॥ श्री ॥ आण्णांचा पोटाचा रिपोर्ट’ असं नाव दिलं आणि पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या हॉस्पिटलातल्या बाईंचा फोन. "तुमची अटॅचमेंट उघडत नाहीये. आमच्या सर्व्हरला डीकोड होत नाही. नुसती अक्षरंच अक्षरं आलीत."

"वॉट्सॲप करू का?"

"चालत नाही. मेलच लागतो."

जे आलं होतं ते त्यांनी तसंच मला परत पाठवलं. पानंच्या पानं एबीसीडीचा चिवडा! मी आईला दाखवलं. तिने चष्मा लावून नीट पाहिलं.

"मग? डाक्टरचं अक्षर आपल्याला कुटं कळतंय? त्यास्नी कळंल की."

मी फाईल लहान केली, राउटर बंद करून चालू केला, ऑफिसातून पाठवून पाहिली. परत तेच. एकटा श्री पुरत नाही, अशी आता आईची खात्री झाली. तिने नावात सिद्धेश्वर घालायला लावला. तिसऱ्या दिवशी खंडोबा आणि गावची लक्ष्मीआई. नाव रिपोर्टापेक्षा लांब झालं, आणि पुण्याच्या बाई दर फोनला जास्त तुटक बोलायला लागल्या. आण्णा कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडलेले. दोन घास जात नव्हते. मला फार भीती वाटायची, आणि भीती वाटली की मी राउटर बंद करून चालू करायचो.

चौथ्या दिवशी बाईंनीच विचारलं, "फाईलचं नाव मराठीत आहे का हो?"

"आहे थोडंसं."

"आमचा सर्व्हर जुना आहे, त्याला मराठी नाव झेपत नाही. इंग्रजीत साधं ‘रिपोर्ट’ ठेवा आणि पाठवा."

एका मिनिटात उघडली. (आईला हे मी आजतागायत सांगितलेलं नाही.) तासाभराने खुद्द डॉक्टरांचा फोन आला, तो मी गॅलरीत जाऊन घेतला. गाठ लिव्हरपर्यंत पोचली होती.

"ऑपरेशनचा उपयोग नाही. घरीच ठेवा, आवडेल ते खायला द्या."

"चार दिवस आधी पाठवला असता तर, डॉक्टर?"

"चार महिने आधी हवा होता."

आत आलो. आण्णांनी मान वळवली.

"काय म्हणत्यात पुण्याचं?"

चार दिवस मी ज्या सर्व्हरला शिव्या घालत होतो, शेवटी तोच कामाला आला. म्हटलं, "फाईल अजून उघडंना त्यांच्याकडं."

आण्णा कितीतरी दिवसांनी हसले. "तुझ्या हातनं उघडायची बी न्हाय. जाऊ दे. जरा भाकरी आन शेंगाची चटणी आन."

स्वयंपाकघरात जाऊन मी आधी रडून घेतलं, मग चटणी वाढली. आपलं पोरगं बिनकामाचं आहे यावर बापाचा इतका पक्का विश्वास असल्याचा मला आयुष्यात तेवढा एकदाच आधार वाटला.