भागूनं मागितलेल्या चिंध्या

माझी धाकली जाऊ भागू एका जागी घटकाभर बसलीय, असं मी कधी पाह्यलंच न्हाई. भाकरी तव्यावर टाकली की ती उलटायच्या आत ही उंबऱ्यात जाऊन रस्ता बघून यायची. हातात सुई असली तरच तिचा जीव थाऱ्यावर. घरातली चिंधी म्हनून तिनं वाया जाऊ दिली न्हाई. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, ब्लाऊजच्या कातरणांचे बटवे, त्याच्यावर साखळीटाक्याचे मोर. डोक्यावर हंड्याखाली घ्यायची चुंबळ, तिच्यावरसुदिक मोर! मी म्हनायची, "आगं बया, हंड्याखाली कोन बघतंय तुझा मोर?" तर म्हनायची, "मला ठाव हाय ना आक्का, बास."

मूलबाळ मातर झालं न्हाई. तिचा नवरा, माझा दीर चांगदेव, वाशीच्या मार्केटात माथाडी, महिन्या-दोन महिन्यानं लोणीला यायचा. आला की पोरांची चौकशी करायचा, ती माझ्या पोरांची. मला कसंसंच व्हायचं.

शहाण्णव सालच्या दिवाळीनंतर भागूचा भाऊ भगवंत ओतूरवरनं आला. त्याच्या बायकोला, आरतीला, परत दिवस गेले व्हते. आधीची दोन्ही लेकरं बारशाच्या आतच गेलेली. आमच्याकडं अशा घरात पोराची पैली गोधडी मागून आनलेल्या चिंध्यांची करत्यात. ज्या घरात पोरं ठणठणीत हायती तिथंच मागायचं. मागायचं आत्यानं. आन् कुनासाठी मागती ते बोलायचं न्हाई. बोललं की मागनं मोडलं. खरं-खोटं देवाला ठाव. पन दोन लेकरं गेलेल्या घराला कोन सांगनार, ह्यात काय न्हाई म्हनून?

पोर जन्मायच्या आधी गोधडीला सुई लावत न्हाईत, ह्येबी हायच. पन ही बया थांबंल तर ना! चिंध्या आनल्या की लगेच शिवायला बसली. मी वरडले, "आगं, जरा दम धर की!"

"आक्का, रिकाम्या हातानं वाट बघवत न्हाई मला. कड शिवत न्हाई मी. कड न्हाई तवर ती गोधडी झालीच न्हाई, असं धरा."

असं म्हनायची आन् शिवलेलं परत उसवायची. टाका वाकडा आला म्हनायची. कुठला वाकडा? मला तर सगळे सारखेच दिसायचे.

आता बिनपोराची बाई दारोदार झबली-टोपडी मागती म्हनल्यावर गाव काय समजंल? शेजारच्या शीलानं तिच्या पप्पूचं झबलं दिलं आन् भागूच्या पोटाकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी चिंचा आल्या. मग कुनी लोनचं दिलं. हिरीवर शीलानं भागूच्या डोक्यावरचा हंडा उतरून घेतला, "आता जड उचलू नगंस" म्हनून. भागू पळत घरी आली.

"आक्का, आता काय करू? न्हाई म्हनले तर इचारतील, मंग कुनासाठी मागती?"

"गप ऱ्हा. हो म्हनू नगं, न्हाई म्हनू नगं."

गप ऱ्हायली. पन चिंचा खाताना तिचं तोंड मी बघितलंय. मला भरूनबी आलं आन् रागबी आला. कुनाचा आला ते इचारू नका. दिवसातनं धा येळा दुकानापातुर जायची, ओतूरचा फोन आला का बघायला. परत आली की सुई, परत उसवनं.

आन् एक दिवस दुपारचा चांगदेव आला. सांगावा न्हाई, काय न्हाई. भागू ओट्यावर गोधडी पसरून बसलेली. त्यानं गोधडी बघितली आन् हसला. इतका मोकळा हसताना मी त्याला लगनातबी बघितला नव्हता.

"गावचा जानकू भेटला मार्केटात. त्यानं सांगितलं. मला तू सांगायचं न्हाई व्हय?" आन् त्यानं खांद्यावरचं गाठोडं सोडलं. फराकी, टोपडी, इवल्या चड्ड्या. "आमच्या माथाडी टोळीतल्या परत्येकाच्या घरी जाऊन मागितल्या. सगळ्यांची पोरं गुटगुटीत हायती, बघून घेतलंय."

ह्यो मानूस कधी कुनाकडं चहा मागून पेला न्हाई!

भागूची सुई थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं. मंग म्हनली, "माझ्यासाठी न्हाई ओ ही. आरतीसाठी हाय."

त्यानं गाठोड्यातलं एक टोपडं हातात घेतलं. म्हनला, "मी पेढं वाटलं गं टोळीत."

मला ऐकवंना. मी उठून आत गेले, पन कान भाईरच. भागू रडत व्हती. म्हनत व्हती, ह्या चिंध्या माघारी न्या, तुमी आपल्यासाठी मागितल्यात.

"माघारी कुठं न्यू? मी माझ्या पोरासाठी म्हनून मागितल्या. आरतीचं नाव माझ्या तोंडातनं गेलंय का? न्हाई ना? मंग तिच्या लेकराचं काय मोडलं न्हाई. लाव ह्याबी."

आन् सोताच एकेक फराक गोधडीवर मांडाय लागला. सांजच्या एस्टीनं गेला. जेवला न्हाई.

उन्हाळ्यात आरतीला मुलगी झाली. जगली! भागूनं त्या दिवशी कड शिवली. बारशाला आत्या म्हनून कानात नाव तिनंच सांगितलं, संस्कृती. गावाला कळल्यावर शीला वरीसभर भागूशी बोलली न्हाई. "चिंचा तरी परत कर म्हनावं," असं मला सुनावून गेली. मीबी तिला चार शब्द ऐकवले.

परवाच्या जत्रेला वाशीवरनं चांगदेवाच्या टोळीतला एक पावना आला. पंगतीत बसला, भागू वाढत व्हती. तो म्हनला, "वैनी, पोरगी दिसंना कुठं? कितवीला गेली आता? चांगदेव लई सांगतो तिचं."

भागूनं चांगदेवाकडं बघितलं. त्यानं ताटातनं मान वर काढली न्हाई.

"तिसरीला हाय," भागू म्हनली. "ओतूरला असती, मामाकडं."

आन् पावन्याच्या ताटात आनखी एक भाकरी वाढली.