सरकलेल्या सिंहांची पावली

शेजारचा माणूस बसकंडक्टर होता आणि त्याच्या कातडी थैलीवर माझा भारी डोळा होता. मी सातपूरला कारखान्यात फिटर. पगार हातात पडायचा तो नोटांचा, चिल्लर दिसायची ती चहाच्या टपरीवर. आणि हा लेकाचा दिवसभर अख्ख्या नाशिकची चिल्लर चिवडायचा! मला नाणी जमवायचा नाद. सालाखाली बारीक हिरा असला तर नाणं मुंबईच्या टांकसाळीचं, तारा असला तर हैदराबादचं, काहीच नसलं तर कलकत्त्याचं. एकाच सालची तिन्ही मिळाली की त्या दिवशी मला जेवण गोड लागायचं.

हे सगळं त्याला मीच शिकवलं. कुठून दुर्बुद्धी सुचली देव जाणे! थोड्याच दिवसांत हा ओट्यावर बसून माझ्यासमोर एक पावली नाचवायला लागला. तिच्यावरचा छापच सरकलेला. सिंह पार कडेला गेलेले, एकाचं तोंड अर्धं कापलेलं, उरलेल्या बाजूला नुसती कोरी कोर. असली चुकार पावली टांकसाळीतून सुटते कशी, आणि सुटली तर नेमकी याच्याच थैलीत पडते कशी? माझा नुसता जळफळाट झाला. तोंडाने म्हटलं, "वा, छान आहे."

बदल्यात मी माझे सगळे तारे देऊ केले.

"नको राव," तो म्हणाला, "मला आवडलीय ती."

आवडलीय म्हणे! काल-परवापर्यंत याला हिरा कुठे नि तारा कुठे ते कळत नव्हतं. पुढे त्याची बस स्टॉपवर आली की मी ती सोडून मागची धरायचो. घरी भाजी अळणी झाली तरी मला त्याचाच राग यायचा. बायको म्हणायची, "अहो, चार आण्यांसाठी माणूस इतका जळतो का?"

जळतो. मी जळत होतो.

तेवढ्यात तिला बाळंतपणासाठी विंचूरला माहेरी पोचवायची वेळ आली. निघताना कंडक्टरच्या बायकोने तिची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, वर एक नाणं. मी तोंड फिरवून बॅग उचलली. त्या घरातलं काही बघायचीच मला इच्छा नव्हती.

बस गोदावरीच्या पुलावर आली. आम्ही तिला गंगाच म्हणतो, आणि पोटुशी बाई गंगा रिकाम्या हाताने ओलांडत नाही, हा आमच्या घरचा रिवाज. बायकोने पदराची गाठ सोडली, ओटीतलं नाणं कपाळाला लावलं आणि खिडकीतून खाली टाकलं. मी शेजारीच बसलो होतो. मीही हात जोडले.

परत आलो तर कंडक्टर दारातच उभा.

"काय राव, आता तरी खूश? किती दिवस तोंड फुगवून बसलास! म्हटलं, हा माझ्या हातून काही घ्यायचा नाही. म्हणून हिला सांगितलं, ती पावली वहिनींच्या ओटीतच घाल."

मी तिथेच ओट्यावर बसलो आणि पुलावर काय झालं ते सांगितलं. तो पोट धरून हसायला लागला. "म्हणजे आता गंगेचा संग्रह तुझ्यापेक्षा भारी!"

हस लेका. माझी मुलगी सुखरूप झाली, गंगेने आपलं काम चोख केलं, तक्रार नाही. पण बस पुलावर आली आणि बायकोने सवयीने नाणं काढलं की मी अजूनही तिचं मनगट धरतो.

"थांब. आधी मला दाखव."