क्रेनच्या नावावर गेलेली मजुरी

आधी माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली. ऱ्हस्व-दीर्घ कुठं चुकलं ते मला कळत नाही आणि अक्षर पहिल्यापासून खराब. चारचौघांत तोंड उघडत नाही माझं, म्हणून लिहिते. राग अजून गेलेला नाही.

भालकीत आयटीआयचं वर्कशॉप गावातल्या जुन्या शेडमधून गावाबाहेरच्या नव्या इमारतीत न्यायचं होतं. लेथ, शेपर, ड्रिलिंगची मशीनं, सगळं जड लोखंड. शेडची गल्ली अरुंद, क्रेन आत वळेना. मग ठेकेदार आमच्या घरी आला, कारण माझे मालक बाजारातल्या हमालांचे मुकादम.

"अप्पा, खंडेनवमीच्या आत मशीनं बसवा. पूजेदिवशी सगळे पैसे हातात देतो."

पण हमालाला रोजच्या रोज, संध्याकाळी मजुरी लागते. मालक मला म्हणाले, "संघातून उचल की. थोड्या दिवसाचं तर हाय."

"ठेकेदाराला आगाऊ मागा ना."

"तोंडावर कसं मागू? भला माणूस हाय."

बायकांच्या संघातून मी माझ्या नावावर कर्ज काढलं.

रोज भाकरी घेऊन जायची, तेव्हा बघायची. मशीनचे बोल्ट सोडवायचे, पहारीनं एक कड उचलायची, खाली पाईप सारायचे आणि ढकलायचं. मागचा पाईप मोकळा झाला की उचलून पुढं टाकायचा. अशी ट्रॉलीपर्यंत सगळी गल्ली. नालीजवळच्या उतारावर लेथ घसरली आणि एका हमालाच्या पायाची बोटं पाईपाखाली गेली. साहेब, म्हणजे आयटीआयचे प्राचार्य, पळत आले.

"मशीनला काय झालं न्हाई ना?"

खाली बसून त्यांनी मशीनच्या पायावर हात फिरवून बघितला. तो माणूस भिंतीला टेकून पायाला टॉवेल गुंडाळत होता. त्याच्याकडं त्यांनी मान वळवली नाही. दवाखान्याचं कुणी विचारलं नाही.

खंडेनवमीला नव्या शेडमध्ये प्रत्येक मशीनला झेंडूचा हार. हमालांना सांगितलं, दाराबाहेर थांबा.

"परवा ह्याच मशीनखाली झोपून पाईप काढलाव. आज आत कामून नको?" एकजण म्हणाला. चुरमुऱ्याचा प्रसाद बाहेर आणून वाटला. पैशाचं विचारलं तर ठेकेदार म्हणाला, बिल पास व्हायचंय.

बिल पास झालं. ठेकेदार टाळू लागला तेव्हा मालक साहेबांकडं गेले. साहेब म्हणाले, "मशीनं क्रेननं हलली. क्रेनचे पैसे ठेकेदाराला दिलेत. हमालाचं कागदावर काहीच न्हाई." मालक मान खाली घालून परत आले. मला ठेकेदारापेक्षा त्या मानेचा राग आला.

आमच्या संघाची रीत अशी, की एकीचा हप्ता चुकला तर सगळ्या तिच्या उंबऱ्यावर येऊन बसतात, कारण एकीपायी सगळ्यांचं कर्ज अडतं. माझा हप्ता चुकला, तशा त्या आल्या. एक तर सुपात निवडायचे तांदूळ घेऊनच आली.

"अक्का, तुझ्यापायी माझ्या म्हशीचं कर्ज अडायलंय."

"तिला काय विचारायलीस? भिंत तरी बोलंल, ही न्हाई."

सगळ्या हसल्या. माझ्या अंगाची आग झाली. आवाज फाटला, पण निघाला.

"इथं बसून काय मिळणार हाय? पैसे आयटीआयत हायत. तिथं जाऊन बसा!"

मग संघाची म्हातारी अध्यक्ष गुडघ्यावर हात ठेवून उठली. "व्हय की. चला गं."

ठेकेदाराचं नव्या इमारतीत रंगाचं काम चालूच होतं. आम्ही वर्कशॉपच्या दारात बसलो. पोरांना आत जाता येईना. साहेब ओरडले, "पोलिसाला बोलवू का?"

"बोलवा वो साहेब," म्हातारी म्हणाली. "त्यांना बी विचारू, त्या गल्लीत क्रेन कुठून घुसली."

"आन क्रेन भाकर खाती का?" तांदूळवाली म्हणाली. "ही तर रोज टोपलं भरून आणायली होती."

पोरं हसायला लागली. मी पदर ओढून मागं बसले होते, पण उठले नाही. साहेबांनी ठेकेदाराला आत घेतलं, दार लावलं. त्या दोघांत काय ठरलं ते आम्हाला कोण सांगणार? बाहेर येऊन ठेकेदारानं थोड्या नोटा, बातमी कळून आलेल्या मालकांच्या हातात कोंबल्या, भीक घातल्यासारख्या.

"बायकांना पुढं करून पैसे मागता, अप्पा? शोभतं का?"

घरी मालक म्हणाले, "माझी इज्जत घालवलीस."

"ठेकेदाराला पैसे बुडवणं शोभलं, मग मला मागणं कामून शोभू न्हाई?" मी म्हणाले. नवऱ्याला असं मी पहिल्यांदाच बोलले.

त्यानंतर संघाच्या बैठका आम्ही त्या दारातच घेतल्या. रंगाचं काम संपेपर्यंत ठेकेदारानं थोडे थोडे करून मजुरीचे पैसे दिले. व्याज दिलं नाही, दवाखान्याचा खर्च दिला नाही. व्याजासाठी मालकांनी बाजारात जादा पोती स्वतः उचलली, आणि तो हमाल अजून लंगडतो. शेवटच्या बैठकीला उरलेलं सगळं, व्याजासकट, मी म्हातारीपुढं ठेवलं. तिनं दोनदा मोजलं, मान हलवली. संघाचं कर्ज पुरतं फिटलं.